सहा साखळ्यांऐवजी चार: प्लेगचा जिवाणू लिपिड बदलून काय साधतो

प्रश्न असा आहे: "एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोगकारकतेच्या धड्यात विषं, पिली, कॅप्सूल यांची यादी असते. पटलातल्या लिपिडांचा उल्लेख एंडोटॉक्सिनपुरता येतो आणि तिथेच संपतो. लिपिड आणि त्यांच्यावर काम करणारी एन्झाइमं यांच्यामुळे जिवाणूची रोग करण्याची क्षमता खरंच बदलते का? एखादं पक्कं सिद्ध झालेलं उदाहरण हवं आहे. शिवाय यातलं काही साध्या लॅबमध्ये प्रोजेक्ट म्हणून करता येईल का?"

बदलते, आणि थोडीथोडकी नाही. रोज आमच्या लॅबच्या बेंचवर येणारे जिवाणू म्हणजे क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर, आणि त्यांच्याकडे मी शेवटी येणारच आहे. पण उदाहरण म्हणून मी प्लेगचा जिवाणू घेतो, यर्सिनिया पेस्टिस. एका जिवाणूत लिपिड आणि एन्झाइमं यांचं एकमेकांवर अवलंबून असणं इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं. आणि हा रोग आपल्याला परका नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी तो ओळखला; ते मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. पुढच्याच मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा याच रोगाने मृत्यू झाला. घरात उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या बांधायच्या, हे आपल्या पणजोबांच्या पिढीला ठाऊक होतं. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून आणि पाठोपाठ सुरतेतून पुन्हा बातम्या आल्या, तेव्हा नव्या पिढीलाही हे नाव कळलं.

आता मुद्दा. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाह्यपटलाचा बाहेरचा थर साध्या फॉस्फोलिपिडांचा नसतो, लिपोपॉलिसॅकराइडचा, म्हणजे शर्करांची साखळी जोडलेल्या लिपिडाचा असतो. त्याचं पटलात रुतलेलं मूळ म्हणजे लिपिड ए. दोन ग्लुकोसामीन शर्करा, दोन्ही टोकांना फॉस्फेट आणि शर्करांना जोडलेल्या मेदाम्लांच्या साखळ्या, अशी त्याची रचना. ई. कोलायमध्ये अशा सहा साखळ्या असतात. आपल्या पेशींवरचा टीएलआर-४ हा ग्राहक (रिसेप्टर) एमडी-२ या जोडीदार प्रथिनाच्या मदतीने नेमका हाच रेणू ओळखतो. एमडी-२च्या खोबणीत पाच साखळ्या आत बसतात, सहावी तोंडाशी उघडी राहते आणि शेजारच्या टीएलआर-४ला चिकटते. असे दोन ग्राहक जोडीने आले की पेशीत संदेश जातो, टीएनएफसारखे दाहकारक रेणू बाहेर पडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. साखळ्या चारच असतील तर रेणू खोबणीत पूर्ण आत बुडतो, जोडी जमत नाही. माणसाच्या पेशीला असं लिपिड ए जवळजवळ दिसतच नाही. उलट ते खोबणी अडवून बसतं आणि खऱ्या सहा साखळ्यांच्या रेणूलाही आडकाठी करतं.

या लिपोपॉलिसॅकराइडसाठी पुस्तकात येणारा 'एंडोटॉक्सिन' हा शब्द इथे विद्यार्थ्यांना हमखास फसवतो. एंडोटॉक्सिन जितकं तीव्र तितका जिवाणू घातक, असं वाटतं. सेप्टिक शॉकमध्ये रुग्णाचा जीव दाह आवाक्याबाहेर गेल्यामुळे जातो हे खरं, पण ती शेवटची अवस्था. पहिल्या दोन दिवसांत, जिवाणू मूठभर असताना, शरीराला लवकर जाग येणं जिवाणूच्या हिताचं नसतं. त्या काळात ज्याचं लिपिड ए फिकं, तो पुढे.

प्लेगचा जिवाणू हे तापमानावर करतो. पिसवाच्या पोटात तो असतो तेव्हा उष्णता भोवतालच्या हवेइतकी, म्हणजे साधारण २१ ते २६ अंश. तिथे त्याच्या लिपिड एमध्ये सहा साखळ्यांचे रेणू भरपूर असतात. पिसू चावला, जिवाणू ३७ अंशांच्या शरीरात आला, की नव्याने बनणारं लिपिड ए मुख्यतः चार साखळ्यांचं होतं. कारण एन्झाइमांत आहे. ई. कोलायमध्ये पाचवी साखळी जोडण्याचं काम ३७ अंशांना एलपीएक्स-एल करतं. प्लेगच्या जिवाणूकडे एलपीएक्स-एलचा जीनच नाही. त्याच्याकडे आहे एलपीएक्स-पी, जे थंडीत सोळा कार्बनची साखळी जोडतं, आणि एलपीएक्स-एम, जे बारा कार्बनची जोडतं. शरीराच्या तापमानाला ही जोडणी जवळपास थांबते.

आता तुम्हाला हवं असलेलं 'पक्कं सिद्ध झालेलं' उदाहरण. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात संशोधकांनी ई. कोलायचा एलपीएक्स-एल जीन प्लेगच्या जिवाणूत घातला. बाकी काही काढलं नाही. पांढऱ्या पेशींत प्रथिनं टोचणारी त्याची सुई, कॅप्सूल, सगळी हत्यारं जागच्या जागी होती. फरक एवढाच की आता तो ३७ अंशांनाही सहा साखळ्यांचं लिपिड ए बनवू लागला. मूळ जिवाणू मोजक्या संख्येत त्वचेखाली टोचला तरी उंदीर मरतात. बदललेला जिवाणू कितीतरी मोठ्या मात्रेत देऊनही उंदीर जगले. एवढ्यावर थांबलं असतं तर कोणीही म्हणालं असतं की जीन घातल्यामुळे जिवाणूच अशक्त झाला असेल. म्हणून त्यांनी तोच जिवाणू टीएलआर-४ नसलेल्या उंदरांना दिला, आणि तो पुन्हा घातक ठरला. व्हायव्हात हा दुसरा भाग सांगायला विसरू नका, कारण सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. जिवाणूची ताकद गेली नव्हती. तो फक्त दिसू लागला होता. जगलेले उंदीर पुढे खऱ्या प्लेगलाही पुरून उरले, म्हणजे हा बदल लशीसारखा उपयोगी पडला.

एक सावधगिरी. उंदराचा टीएलआर-४ चार साखळ्यांच्या लिपिड एला थोडाफार प्रतिसाद देतो, माणसाचा त्याहून कमी. त्यामुळे उंदरातला आकडा उचलून माणसाला लावू नये. माणसात लपण्याचा फायदा जास्तच असावा, पण ते अनुमान आहे.

इथे एक आडवळण घेतो. मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ते मांसरसात जिवाणू वाढवत आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवत. त्या थेंबांना धरून जिवाणू खाली लोंबत्या झुंबरांसारखे वाढत. शरीराच्या तापमानापेक्षा कमी उष्णतेला कित्येक आठवडे वाढवून, मग तापवून मारलेला तो रस म्हणजे लस. टोचल्यावर सणकून ताप येई, हात सुजे, आणि लोक त्यामुळेही बिचकत. कमी तापमानाला वाढलेल्या त्या जिवाणूंत सहा साखळ्यांचं लिपिड ए भरपूर असणार, आणि तापातला काही वाटा त्याचाच असणार, असा माझा अंदाज आहे. त्या काळी हे कळण्याचा मार्ग नव्हता.

लिपिड एनंतर एन्झाइम, कारण प्रश्नात दोन्ही आहेत. प्लेगच्या जिवाणूच्या बाह्यपटलात 'प्ला' नावाचं प्रथिन-तोडं एन्झाइम असतं, पिंपाच्या आकारात पटलाला आरपार छेदून बसलेलं. ते आपल्या रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनला तोडून प्लाझ्मिन बनवतं, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणारं आपलंच एन्झाइम जिवाणू आपल्याविरुद्ध चालू करतो. शिवाय प्लाझ्मिनला आवर घालणारं प्रथिनही तो तोडतो. पिसू चावलेल्या जागी शरीर फायब्रिन या गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचं जाळं विणून जिवाणूला कोंडू पाहतं. प्ला ते जाळं सोडवतं आणि जिवाणू लसिकाग्रंथीकडे सुटतो. काखेत, जांघेत गाठ येते ती तिथून. त्वचेखाली टोचलेल्या जिवाणूतून प्लाचा जीन काढला, तर उंदीर मारायला लागणारी मात्रा सुमारे दहा लाखपट वाढते. हे १९९२ पासून माहीत आहे.

पण माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. प्ला स्वतःच्या बळावर काम करत नाही. शुद्ध करून लिपिडाविना ठेवलं तर ते निष्क्रिय असतं. लिपोपॉलिसॅकराइड मिळालं की जागं होतं. पिंपाच्या बाहेरच्या अंगावरचे धन भाराचे कण लिपिड एच्या फॉस्फेटांना धरून बसतात आणि त्यामुळे एन्झाइमची कामाची फट नीट आकाराला येते. म्हणजे पटल ही एन्झाइमची नुसती बैठक नाही, त्याच्या यंत्रणेचाच भाग आहे. त्यात पुन्हा ओ-अँटिजेनचा अडथळा. लिपोपॉलिसॅकराइडच्या बाहेरच्या टोकाला शर्करांची जी लांब शेपटी असते ती ओ-अँटिजेन. दाट उसाच्या फडात उभ्या माणसाचा हात बांधापर्यंत पोचत नाही, तसं लांब ओ-अँटिजेन असलं की प्लाला बाहेरच्या प्लाझ्मिनोजेनपर्यंत पोचता येत नाही. प्लेगचा पूर्वज यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस हा पोटाचा साधा रोग करणारा जिवाणू, आणि त्याच्याकडे ओ-अँटिजेन आहे. प्लेगच्या जिवाणूत ते बनवणाऱ्या जीनसमूहातले अनेक जीन मोडून पडले आहेत. प्लाचा जीन बाहेरून, एका छोट्या प्लाझ्मिडवरून, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावरून आला. ओ-अँटिजेन गमावलं नसतं तर तो येऊनही फारसा उपयोग झाला नसता. नवं हत्यार मिळवणं आणि जुनी शर्करा टाकून देणं, दोन्ही मिळून हा रोग घडला. 'रोगकारक घटक' म्हणजे नेहमी काहीतरी मिळवलेलंच असतं असं पुस्तकातल्या यादीवरून वाटतं, त्याला हा चोख उतारा आहे.

तिसरं एन्झाइम थेट लिपिडच तोडतं: फॉस्फोलायपेज डी. नाव 'म्युराइन टॉक्सिन', कारण शुद्ध करून उंदराला टोचलं की उंदीर मरे. पुढे कळलं की उंदरातल्या रोगात त्याचा वाटा फारच कमी. तो जीन काढला तरी उंदीर मरतातच. ते लागतं पिसवाच्या पोटात. रक्त पचताना तयार होणारे घटक जिवाणूला मारतात, आणि हे एन्झाइम नसेल तर जिवाणू पिसवाच्या जठरात टिकत नाही. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत प्लेगच्या प्रसारामागे पिसवांचा हात दाखवला, आणि त्यावर अनेक वर्षं कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. आज प्राचीन हाडांतल्या डीएनएवरून दिसतं की सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या जिवाणूंत हा जीन नव्हता, तर ३,८०० वर्षांपूर्वीच्या नमुन्यांत आहे. त्या आधीचा प्लेग पिसवांवर स्वार होऊन सहज पसरणारा नसावा. लिपिड तोडणारं एक एन्झाइम रोगाची तीव्रता न बदलता त्याचा प्रवास बदलून टाकतं, हेही रोगकारकतेतच धरायला हवं.

आता आमच्या बेंचकडे. लिपिड एच्या फॉस्फेटांवर ऋण भार असतो. आपल्या पांढऱ्या पेशींचे जिवाणूमारक पेप्टाइड धन भाराचे असतात आणि त्या फॉस्फेटांना धरून पटलात घुसतात. साल्मोनेला, क्लेब्सिएला यांसारखे जिवाणू फॉस्फेटवर अमिनोअ‍ॅरॅबिनोज किंवा फॉस्फोइथेनॉलअमाइन चढवून तो भार झाकतात. हे काम कधी करायचं ते फोपी-फोक्यू नावाची प्रथिनांची जोडी ठरवते. मॅग्नेशियम कमी झालं, आम्लता वाढली, पेप्टाइड आले, की ती चालू होते, म्हणजे पांढऱ्या पेशीच्या पोटात गेल्यावर. प्लेगचा जिवाणूही अमिनोअ‍ॅरॅबिनोज चढवतो, तेही पिसवाच्या तापमानाला जास्त. आणि कोलिस्टिन हे आपलं अखेरचं राखीव औषध? तेही धन भाराचं पेप्टाइडच, त्याच फॉस्फेटांना धरणारं. म्हणून शरीरापासून वाचण्याची तरकीब औषधापासूनही वाचवते. आपल्याकडच्या क्लेब्सिएलात फोपी-फोक्यूचा ब्रेक असलेला एमजीआर-बी हा छोटा जीन मोडलेला वारंवार सापडतो. ब्रेक गेला की भार कायमचा झाकलेला. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधून एमसीआर-१ ची बातमी आली, तेव्हा काळजी वाढली ती फॉस्फोइथेनॉलअमाइन चढवणाऱ्या या एन्झाइमाचा जीन प्लाझ्मिडवर बसून जिवाणूतून जिवाणूत जाऊ शकतो म्हणून. भारतात जुलै २०१९ मध्ये कोंबड्या आणि इतर खाद्य-जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली.

अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाऊमानी याहून टोकाला जातो. लिपिड ए बनवण्याच्या सुरुवातीच्या पायऱ्यांवरची एलपीएक्स-ए, सी किंवा डी यांपैकी एक एन्झाइम बंद करून तो लिपोपॉलिसॅकराइडच सोडून देतो. कोलिस्टिनला धरायला काही उरतच नाही. पण मग तो बाकी अनेक औषधांना हळवा होतो आणि प्राण्यांत रोग करण्याची ताकदही गमावतो. म्हणून वॉर्डात तो फार टिकलेला दिसत नाही. रेझिस्टंट म्हणजे घातक असं समीकरण डोक्यात असेल तर हे उदाहरण शेजारी लिहून ठेवा.

ग्राम-पॉझिटिव्हमध्ये लिपोपॉलिसॅकराइड नाही, पण युक्ती तीच. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं एमपीआर-एफ हे एन्झाइम फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलवर लायसीन चढवून ते बाहेरच्या थरात आणतं. ऋण भाराचं लिपिड धन होतं, पेप्टाइड मागे ढकलले जातात. हा जीन काढलेला जिवाणू उंदरांत कमजोर पडतो. उलट त्याच जीनमधल्या काही बदलांमुळे जिवाणू डॅप्टोमायसिन या औषधाला दाद देत नाही.

क्षयाबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतंत्र विषय आहे. तिथे पीडीआयएम नावाचं मेणासारखं लिपिड जिवाणूच्या अंगावरच्या ओळखीच्या खुणा झाकतं, आणि लॅबमध्ये पुन्हा पुन्हा सबकल्चर केलं की ते हरवतं. क्षयाच्या स्ट्रेनवर काम करणाऱ्यांनी हे आधी तपासावं. नाहीतर 'माझ्या म्युटंटची ताकद गेली' म्हणून जे दिसतं ते फक्त पीडीआयएम गेल्याचं असतं.

प्रोजेक्ट. प्लेगच्या जिवाणूला हात लावायचा नाही, हे सांगायला नको. लिपिड तोडणारं एन्झाइम डोळ्यांनी पाहायचं असेल तर अंड्याच्या बलकाचं अगार घ्या. नागलर यांची चाचणी मूळ क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजन्सची: प्लेटच्या अर्ध्या भागावर अल्फा टॉक्सिनचं अँटिटॉक्सिन पसरून वाळवायचं, जिवाणूची रेघ मोकळ्या बाजूकडून अँटिटॉक्सिनच्या बाजूकडे ओढायची, ऑक्सिजनविना वाढवायची. मोकळ्या बाजूला रेघेभोवती दुधी वलय येतं आणि मधल्या सीमेवर कापल्यासारखं थांबतं. रेघ पुढेही तशीच वाढलेली असते, वलय मात्र नसतं. अल्फा टॉक्सिन हे लेसिथिन तोडणारं फॉस्फोलायपेज सी आहे. मॅकफार्लेन आणि नाइट यांनी १९४१ मध्ये ते दाखवलं, आणि एखादं जिवाणूविष म्हणजे एन्झाइम असतं हे कळण्याची ती पहिली वेळ. गॅस गँगरीन त्याच्यामुळेच होतो हेही जीन काढून सिद्ध झालं आहे.

ऑक्सिजनविना काम करण्याची सोय नसेल तर शिळ्या भातातून बॅसिलस सिरियस वेगळा करा. त्याचं वलय बाहेरच्या हवेत रात्रभरात दिसतं. वलयाचा व्यास मोजून 'रोगकारकता' असा मथळा मात्र देऊ नका. वलय म्हणजे लेसिथिनेज, बस. त्याच आयसोलेटची रक्त-अगारवरची हिमोलिसिस शेजारी ठेवा, पेशीविरहित द्रव तापवून क्रिया जाते का ते पाहा, आणि निष्कर्ष तेवढ्यापुरताच लिहा.

गाइड तयार असतील आणि लॅब बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) असेल, तर मला जास्त आवडेल असा दुसरा प्रयोग: साल्मोनेला टायफीम्युरियम कमी मॅग्नेशियमच्या (१० मायक्रोमोलर) आणि जास्त मॅग्नेशियमच्या (१० मिलिमोलर) किमान माध्यमात वाढवायचा, मग दोन्हीच्या पेशी धुऊन एकाच द्रवात, पॉलिमिक्सिन बी या कोलिस्टिनच्या भावंड औषधाच्या एकाच मात्रेला तासभर ठेवून जिवंत किती राहतात ते मोजायचं. धुण्याची पायरी गाळू नका, कारण जादा मॅग्नेशियम स्वतःच औषधाच्या आड येतं. डिस्क लावून हे मोजू नका. पॉलिमिक्सिनचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही, म्हणूनच कोलिस्टिनच्या एमआयसीसाठी (वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेसाठी) ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रव माध्यमात औषध पायरीपायरीने पातळ करत पाहणं, सांगितलं जातं. आणि हे औषध प्लास्टिकला चिकटतं, तेव्हा सर्व नळ्या एकाच प्रकारच्या, एकाच बॅचच्या घ्या, औषधाचं द्रावण त्याच दिवशी करा, आणि जिवाणूविना औषध ठेवलेली एक नळी शेवटी मोजून पाहा, की ठरवलेलं प्रमाण तासाभरानंतर द्रवात खरंच उरलं होतं की नाही.